पाचवी जागा

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत इंग्लिश मीडियममध्ये शिकलो, त्यामुळे मराठीत काही लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घापाशी माझी गाडी आउटरला उभी राहते, सिग्नलच मिळत नाही. घरी मात्र आम्ही पक्के रावेरचे. आजीशी लेवा बोली, पप्पांशी मराठी, शाळेच्या गेटच्या आत इंग्लिश, असं तीन रुळांवर बालपण गेलं. हा लेख इंग्लिश विभागात दिला असता तर मला सोपा गेला असता. पण तो माझ्या मामांनी वाचावा असं मला वाटतं, आणि मामा इंग्लिश वाचत नाहीत. का वाचावा ते पुढे येईलच.

तर झालं असं की गेल्या वर्षी आपल्या बॉईज होस्टेलच्या कॉमन रूमला रंग द्यायचं ठरलं. रेक्टर सरांनी मोठ्या मनाने टीव्हीच्या मागची भिंत आम्हाला देऊन टाकली. "काय रंगवायचं ते रंगवा, फक्त अचकट-विचकट नको." त्याच आठवड्यात आम्ही बारा-पंधरा जणांनी एका लॅपटॉपला डोळे लावून 'मैदान' सिनेमा पाहिला होता. अजय देवगणचा, २०२४ मध्ये आलेला, कोच रहीमसाहेबांवरचा. सिनेमाचा अंमल अजून उतरला नव्हता. त्यामुळे ठरलं की भिंतीवर भारतीय फुटबॉलपटू काढायचे. फक्त भारतीय! मेस्सी-रोनाल्डोला परवानगी दिली असती तर भिंतच राहिली नसती.

किती जण काढायचे? पाच. पाचच का, तर खिडकी आणि स्विचबोर्ड यांच्या मधे पाचच माणसं मावतात. जगातले मोठमोठे निर्णय असेच होत असणार.

कोणीतरी त्या भिंतीला 'हॉल ऑफ फेम' म्हटलं आणि तेच नाव पडलं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या म्युझियमने २००२ मध्ये असा एक हॉल सुरू केला, क्रिकेटमध्ये आयसीसीने २००९ मध्ये. तिथे कोणाला घ्यायचं यावर जाणकार लोक बसून खल करतात. आमच्याकडे जाणकार म्हणजे मेसमध्ये रात्री साडेनऊनंतर उरलेले लोक.

आपल्या होस्टेलमध्ये माणसाला गावावरून हाक मारतात हे तुम्हाला माहीतच आहे. मी 'केळ्या'. रावेरचा असल्यावर दुसरं काय होणार! तर या वादात मुख्य पात्रं म्हणजे कोल्हापूरकर, केरळवाला, गोंयकार आणि मी. कोल्हापूरकराच्या रक्तातच फुटबॉल. त्याच्याकडे पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरून वाहतं, आणि आपल्या पेठेच्या टीमवरून सख्खे मित्र आठवडाभर बोलत नाहीत म्हणे. आमच्या रावेरला मुलं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात, आणि मे-जूनचं वादळ आलं की सगळे आपापल्या केळीच्या बागेकडे पळतात. फुटबॉल मला भेटला तो भुसावळला. रेल्वेचं गाव, रेल्वेचं ग्राउंड आणि माझे मामा.

पहिली चार नावं तशी लवकर निघाली. सुनील छेत्री, बायचुंग भुतिया, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी. म्हणजे लवकर म्हणजे तीन रात्री. छेत्रीवर तांत्रिक आक्षेप निघाला. हॉल ऑफ फेममध्ये निवृत्त माणूस लागतो, आणि छेत्री २०२४ च्या जूनमध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोलांसह निवृत्त झाला खरा, पण २०२५ च्या मार्चमध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध गोलही मारला. आता याला निवृत्त म्हणायचं का? गोंयकार म्हणाला, "त्याला पेन्सिलीने काढा." शेवटी ९४ या आकड्यापुढे सगळे गप्प झाले. बायचुंगसाठी तर भांडावंच लागलं नाही. १९९७ च्या फेडरेशन कपच्या सेमीफायनलला कोलकात्यात सव्वा लाखावर लोक मॅच पाहायला आले आणि ईस्ट बंगालकडून त्याने मोहन बागानला हॅट्‌ट्रिक घातली, एवढं सांगितलं की पुरे. चुनी गोस्वामींच्या बाबतीत एक गंमत कळली. १९६२ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या टीमचा हा कॅप्टन पुढे रणजी ट्रॉफीच्या फायनलमध्ये बंगालचा कॅप्टन होता, १९७१-७२ ला, आणि समोर आपली मुंबई! फायनल मुंबईने जिंकली. एक माणूस दोन्ही खेळांत एवढा वर, आणि आपल्याला इथे बॅकलॉग सुटत नाही.

राहिली पाचवी जागा.

केरळवाल्याचा हट्ट आय. एम. विजयन. त्रिशूरच्या स्टेडियमबाहेर सोडा विकणारा पोरगा, पुढे १९९९ च्या सॅफ गेम्समध्ये भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल. सेकंदाला, मिनिटाला नव्हे. २०२५ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. त्याची बाजू भक्कम होती. कोल्हापूरकर म्हणत होता जर्नेल सिंग. डोक्याला टाके पडलेले असताना हा डिफेंडर १९६२ ला जकार्तात सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल मारला. पहिला गोल पी. के. चा, दुसरा याचा, मॅच २-१. स्टेडियमभर लोक आपल्या टीमची हुर्यो उडवत होते, त्यात हे. कोल्हापूरकर हे सांगताना उभाच राहायचा.

आणि मी म्हणत होतो नेव्हिल डिसूझा.

"कोण?" असं चौघांनी एकदम विचारलं. तेच तर माझं म्हणणं होतं!

नेव्हिल डिसूझांचा जन्म गोव्यातल्या आसगावचा आणि खेळ सगळा मुंबईचा. (त्यावरून गोंयकार आणि मुंबईचे दोघं यांच्यात अर्धा तास स्वतंत्र भांडण झालं.) १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, क्वार्टर फायनल, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. चारातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. सेमीफायनलला समोर युगोस्लाव्हिया. हे नाव लक्षात ठेवा, कारण चारच वर्षं आधी, १९५२ ला हेलसिंकीत, याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. मेलबर्नला पहिला गोल कोणी मारला? आपण. नेव्हिलने. काही मिनिटं भारत ऑलिंपिकच्या फायनलच्या दारात उभा होता. मग त्यांनी चार मारले, ब्राँझची मॅचही बल्गेरियाने ३-० ने नेली, आणि आपण चौथे आलो. पण त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे चार गोल मारणाऱ्यांत नेव्हिल होते.

पुढे काय? अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, फुटबॉलचा पहिला पी. के. ना मिळाला. नेव्हिलना नाही. पद्म नाही. १९८० मध्ये पन्नाशीच्या आतच ते गेले. हेलसिंकीवरून आपले खाशाबा जाधव आठवतात. त्याच १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ब्राँझ आणलं आणि अर्जुन मिळाला तो ते गेल्यावर. त्यांना निदान मरणोत्तर तरी मिळाला.

आता आपण इंजिनियर. वाद मिटवायचा कसा, तर एक्सेल शीट! ती करायचं काम माझ्याकडे आलं. निकष पाच, एकूण १०० मार्क. गोलांना ३०, पदकं-ट्रॉफींना २५, पुरस्कारांना २०, किती वर्षं खेळला त्याला १५, आणि 'प्रभाव' नावाचं एक मोघम खातं १० मार्कांचं. चौदा नावं भरली, सॉर्ट केलं. नेव्हिल अकरावे आले.

मी बघतच बसलो. गोल म्हणावेत तर ऑलिंपिकचे चार, पण एकूण कारकिर्दीत छेत्रीच्या जवळपासही नाहीत, कारण तेव्हा आंतरराष्ट्रीय मॅचेसच किती व्हायच्या! पुरस्कार शून्य. म्हणजे ज्याला तेव्हा पुरस्कार दिला नाही, त्याला आता आम्हीही देत नव्हतो, कारण तेव्हा दिला नव्हता! हे सर्किट शॉर्ट आहे हे सेकंड इयरच्या पोरालाही कळेल. तुलसीदास बलराम यांचंही तेच. १९६० च्या रोम ऑलिंपिकला त्यांनी हंगेरी आणि पेरू दोघांना गोल मारले, १९६२ च्या सुवर्ण टीममध्ये होते. पी. के., चुनी आणि बलराम ही तिकडी. फुप्फुसाच्या आजाराने १९६३ मध्येच खेळ सुटला. तिकडीतल्या दोघांना पद्मश्री, बलरामना अर्जुनच्या पुढे काही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ते गेले. शीटमध्ये ते आठवे. 'किती वर्षं खेळला' या कॉलमने त्यांचा घात केला, म्हणजे आजारी पडण्याचे मार्क कापले गेले.

मग मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. पुरस्कारांचं वजन २० वरून ५ केलं आणि ऑलिंपिकसाठी नवा कॉलम घातला, १५ मार्कांचा. नेव्हिल पाचवे. रात्री दोनला सेव्ह केलं आणि शांत झोपलो.

सकाळी नाश्त्याला कोल्हापूरकर समोर येऊन बसला. पोह्यांकडे बघतच म्हणाला, "केळ्या, काटा मारलास व्हय?"

मार्केटचा शब्द आहे तो. आमच्याकडे केळीचे घड काट्यावर चढतात तेव्हा पप्पा काट्याकडे बघत नाहीत, काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात. मला एकदम तो माणूस मीच असल्यासारखं वाटलं. जुनी शीट परत टाकली आणि जाहीर केलं की शीट बाद, मतदान घ्या.

मधे दिवाळीची सुट्टी आली. भाऊबीजेला भुसावळला मामांकडे गेलो. मामा रेल्वेतून रिटायर झालेत. तरुणपणी डिव्हिजनच्या टीमचे गोलकीपर होते. उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, चहाचा कप वेगळ्याच पद्धतीने धरतात. लहानपणी मला वाटायचं ती स्टाईल आहे. मला पहिला फुटबॉल त्यांनीच आणून दिला होता. नेव्हिल डिसूझा हे नावही मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं.

"मामा, तुम्ही त्यांना खेळताना पाहिलं होतं का?"

"मी कुठून पाहीन रे बाप्पा? ते छप्पन सालचं. मी पैदा तरी झालो होतो का!" मग म्हणाले, त्यांना शिकवणारे एक म्हातारे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते, भुसावळला तेव्हा बरेच असत. त्या साहेबांनी मुंबईला कूपरेजवर नेव्हिलना पाहिलं होतं.

"मग ते काय सांगायचे? कसे खेळायचे?"

मामा थोडा वेळ आठवत बसले. मग वाकड्या बोटांचा हात त्यांनी टेबलावरून असा सर्रकन पुढे नेला आणि शेवटी मनगटातून वळवला. "साहेब असं करायचे. बस. बोलायचे नाहीत."

मी नेटवर खूप शोधलं होतं. त्या हॅट्‌ट्रिकचं चित्रण मला कुठे सापडलं नाही. माझ्या हाती आलेलं नेव्हिल डिसूझांच्या खेळाचं एकमेव चित्रण म्हणजे मामांचा तो हात. तोही दुसऱ्याने केलेल्या हाताची नक्कल.

संध्याकाळी आम्ही चालत एका हॉलपर्यंत गेलो. तिथे मामांच्या टीमचा ग्रुप फोटो लावलेला असायचा. मी लहानपणी पाहिलेला आठवतो. मामा डावीकडे अगदी कडेला उभे होते आणि फ्रेम करणाऱ्याने काच लहान कापल्यामुळे त्यांचा अर्धा खांदा आणि तो हात फ्रेमच्या लाकडाखाली गेला होता. घरात यावर कायम विनोद व्हायचे. आम्ही गेलो तर हॉलला नवा रंग लागलेला, फोटोच्या जागी ट्यूबलाईट. तिथल्या माणसाला विचारलं. त्याला असा फोटो होता हेच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, "जाऊ दे, अर्धाच होतो मी त्याच्यात." परत येताना त्यांनी कांदाभजी खाऊ घातली आणि त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र म्हणाले, "नेव्हिलचं होऊ दे रे तुमच्या भिंतीवर. साहेब खूश होतील." साहेबांना जाऊन किती वर्षं झाली असतील देव जाणे.

मी "होणारच" म्हणून आलो.

मतदानाच्या आदल्या रात्री प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला मिळाली. या वेळी गर्ल्स होस्टेललाही बोलावलं होतं, कारण कॉमन रूमच्या रंगाची वर्गणी त्यांनीही दिली होती. मी तयारी करून गेलो होतो. इंग्लंडच्या हॉल ऑफ फेममधलं उदाहरण काढलं. आर्थर व्हार्टन, घानात जन्मलेला, जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानतात त्याला. कोळशाच्या खाणीत काम करता करता १९३० मध्ये गरिबीत मेला, कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो दगड १९९७ मध्ये बसला आणि २००३ मध्ये त्याला हॉलमध्ये घेतलं. मी म्हटलं, हॉल ऑफ फेम हा कशासाठी असतो? ज्याला सगळे ओळखतात त्याला परत ओळखण्यासाठी? छेत्रीला आपल्या भिंतीची गरज नाही. ज्याला पाहिलेलं कोणी उरलं नाही, त्याला जागा द्या. टाळ्या पडल्या. केरळवाल्यानेही वाजवल्या.

मग आमच्याच वर्गातली एक मुलगी उठली. आपल्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची कॅप्टन. (हो, आपल्या कॉलेजला मुलींची फुटबॉल टीम आहे. मलाही आधी माहीत नव्हतं, आणि मी स्पोर्ट्स कमिटीत होतो.) ती म्हणाली, "तू ज्या हॉलचं उदाहरण दिलंस, त्यात पहिल्याच वर्षी, २००२ मध्ये, लिली पार ही बाई आहे. ते पान उलटलं नाहीस का?"

मी उलटलं होतं. वाचलं नव्हतं.

"माझं मत ओइनाम बेंबेम देवीला," ती म्हणाली. "मणिपूरची. १९९५ ते २०१६, एकवीस वर्षं भारताकडून खेळली, कॅप्टन होती. २०१० आणि २०१६ ला साउथ एशियन गेम्सचं सुवर्ण. २०१७ ला अर्जुन, २०२० ला पद्मश्री. तुझ्या शीटमध्ये चौदा नावं होती ना? त्यात ती नव्हती. शेवटून पहिली असती तरी चाललं असतं, पण यादीतच नव्हती." मग जरा थांबून म्हणाली, "नेव्हिलला पाहिलेले लोक उरले नाहीत, मान्य. बेंबेम खेळत होती तेव्हा आपण सगळे जिवंत होतो, घरात टीव्ही होता. हात वर करा, किती जणांनी तिची एक तरी मॅच पाहिली?"

एकही हात वर नाही. तिचाही नाही. "मीपण नाही पाहिली," असं म्हणून ती बसली.

दुसऱ्या दिवशी मेसच्या स्टीलच्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर मी 'नेव्हिल' लिहून तयार होतो. पातेल्यापाशी गेलो, परत आलो, चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. माझंच भाषण माझ्यावर उलटलं होतं आणि त्यात मला चूक सापडत नव्हती, एवढंच. आणि एकदा काटा मारून झाला होता. दुसऱ्यांदा मारायची हिंमत नव्हती.

एकूण सत्तावीस मतं. विजयन ६, नेव्हिल १०, बेंबेम ११. जर्नेलच्या बाजूचे आदल्या रात्रीच फुटले होते.

आकडे ऐकल्यावर कोल्हापूरकराने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "एका मतानं गेलं भावा, वाईट वाटून घेऊ नकोस." त्याने जर्नेल सोडून नेव्हिलला मत दिलं होतं, माझ्यासाठी. मी काही बोललो नाही. ते एक मत माझं होतं हे आज पहिल्यांदाच लिहितोय. कोल्हापूरकर, हे वाचून झाल्यावर रूम नंबर १४ ला ये. काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मामांना त्या रात्री फोन केला तेव्हा "हरलो मामा, एका मताने" एवढंच सांगितलं. तेही काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोन जिंकलं मग?"

मी बेंबेम देवीबद्दल सांगितलं. एकवीस वर्षं, मणिपूर, कॅप्टन, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"कोन्त्या जागेवर खेळायची?"

"मिडफिल्ड, मामा."

"अस्सं. आनि बाकीचे चार?"

"छेत्री, बायचुंग, पी. के., चुनी."

"चारी फॉरवर्ड," मामा म्हणाले. मला वाटलं फोन कटला. मग आवाज आला, "काय रे, गोल मारनारेच काढले सगळे. गोलीत कोनी उभंच नाही राह्यलं का तुमच्या भिंतीवर? पीटर थंगराजचं नाव तरी घेतलं का कोनी?"

पीटर थंगराज. १९६२ च्या त्या फायनलला गोलमध्ये उभा असलेला माणूस. मी शीट उघडली. चौदा नावांत नव्हता. गोल मारले किती, हा कॉलम होता, ३० मार्कांचा. अडवले किती, असा कॉलमच मी केला नव्हता.

"नाही घेतलं मामा," मी म्हटलं.

"घ्याले पाहिजे होतं," मामा म्हणाले, आणि मग नेहमीसारखं विचारलं, जेवला का.